पळून गेलेल्याची बायको

त्या सकाळी देकेमहारेत रडण्याचा आवाज खालच्या आळीत सुरू झाला आणि एकेक घर करत आमच्या गल्लीपर्यंत चढत आला. लढाई संपून वर्ष उलटून गेलं होतं. जे परत यायचे ते आले होते. जे आले नव्हते त्यांची नावं इतके दिवस वरच कुठेतरी अडकून पडली होती, आणि आता ती एकदम, एकाच आठवड्यात, घरोघर सांगायला माणसं निघाली होती. स्वातंत्र्यासाठी लढायला गेलेल्याला आमच्याकडे 'रानात गेला' म्हणतात. ज्या घरातलं कुणी रानात गेलं होतं त्या घरच्या बाया उजाडल्यापासून दारात बसून होत्या. त्यांच्या चुली थंड होत्या.

आमची चूल मात्र पेटलेली होती. माझ्या आईने, अलगानेशने, मसूर शिजत टाकली होती. आमच्या दारात कुणी येणार नाही याची तिला खात्री होती.

"आपल्याकडचं कोण गेलंय?" ती मला म्हणाली. "चल, लेमलेमकडे जाऊन बसू. दोन पोरं गेलीत तिची. आज तिच्या दारात काय येतंय देव जाणे."

लेमलेम आमची शेजारीण. बारा वर्षं तिने आईला टोमणे मारण्याची एक संधी सोडली नव्हती. तरी आईने कॉफीच्या बिया नेत्सेलाच्या टोकाला बांधल्या, डोक्यावर ती पांढरी नेत्सेला नीट घेतली आणि निघाली. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत.

आम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, तर समोर दोघं उभे. एक उंच माणूस, हाबतोम नावाचा. स्वतः रानातून आलेला, डावी बाही कोपरापासून खाली रिकामी. त्याच्यासोबत एक तरुण मुलगी, छातीशी वही धरलेली.

"बेराकीची बायको अलगानेश तुम्हीच का?" हाबतोमने विचारलं.

"लेमलेमचं घर पुढचं," आई म्हणाली. "निळं दार."

"तिकडेही जायचंय. आधी इथे. आत बसू या का, ताई?"

हे 'आत बसू या का' गेल्या दोन दिवसांत सगळ्या गावाने ऐकलं होतं. ही माणसं उभ्याने काही सांगत नसत. गल्लीतल्या बाया माना वळवून आमच्याकडे बघायला लागल्या. आईच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती. चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्याला कसं समजवावं, एवढीच काळजी होती.

*

बेराकी म्हणजे माझा बाप. तो बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. मी सहा वर्षांची असताना एका गुरुवारी 'अस्मराहून गाडीचे सुटे भाग घेऊन येतो' म्हणून गेला तो गेलाच. त्याच आठवड्यात बसस्टँडवर चहाचं दुकान चालवणारी तिब्लेत्स दुकानाला कुलूप लावून सरहद्दीपलीकडे, सुदानातल्या कसालाला निघून गेली. चार दिवसांत गावाने दोघांची जोडी जुळवून टाकली.

आईने आधी विश्वास ठेवला नाही. आठ दिवस ती प्रत्येक बसला उभी राहिली. मग वर्कशॉपमधला एक जण घरी आला, मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, वाट बघू नका. मी दोघांना एकाच लॉरीत चढताना पाहिलंय." त्याने देवाची शपथ घेतली. त्या संध्याकाळी आईने भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवला, कात्री घेतली आणि नवरदेव कापून चुलीत घातला. उरलेल्या तुकड्यात ती एकटी नटूनथटून उभी होती, खांद्यावर कुणाचा तरी अर्धा पंजा.

आईला तेव्हापासून नाव पडलं, पळून गेलेल्याची बायको. पाण्याच्या नळावर लेमलेम मोठ्याने विचारायची, "काय गं अलगानेश, तुझ्या चहात साखर कमी पडली वाटतं?" बाया खिदळायच्या. आई आपली कळशी उचलायची आणि म्हणायची, "साखर होती गं. कपच फुटका निघाला."

ते दिवस वाईट होते. आमच्यावर राज्य करणाऱ्या आदिस अबाबाच्या सैन्याची गावाबाहेर छावणी होती. ज्या घरचा माणूस रानात गेल्याचा संशय येई त्या घरात शिपाई येत आणि बायको, बाप, भाऊ, जो सापडेल त्याला घेऊन जात. आमच्याच गल्लीतली अब्रेहेत दोन वर्षं आत होती. परत आली तेव्हा तिच्या तोंडात दात नव्हते, आणि ती कुणाशी बोलायची नाही.

आमच्याकडेही एकदा शिपाई आले. अधिकाऱ्याने विचारलं, "नवरा कुठाय?" आईने त्याला अशा काही शिव्या मोजून ऐकवल्या, बेराकीच्या, तिब्लेत्सच्या, दोघांच्या होणाऱ्या पोराबाळांच्या, की तो अधिकारी हसत सुटला. दारात जमलेल्यांनीही माना डोलावल्या, सगळ्या गावाला ठाऊक होतं म्हणाले. पुढच्याच महिन्यात आईला छावणीच्या स्वयंपाकघरात इंजेरा, म्हणजे आमची पातळ आंबट भाकरी, भाजायचं काम मिळालं. पहाटे जाऊन ती शेकडो इंजेरा भाजायची. धुराने तिचे डोळे कायमचे लाल झाले. पण त्यावर आम्ही तिघी जगलो, आई, मी आणि माझी आजी मेधिन.

आजी म्हणजे बेराकीचीच आई. काटकुळी, कमी बोलणारी. आई रोज तिच्या लेकाचा उद्धार करायची. इंजेरा करपला तरी बेराकी, छप्पर गळलं तरी बेराकी, मला ताप आला तरी बेराकी. "जिथे असेल तिथे त्याला अन्न गोड लागू नये," हे तर जेवताना देवाचं नाव घेतल्यासारखं ठरलेलं होतं. आजी धान्य निवडत असायची. तिचा हात थांबायचा नाही. कधीकधी "हं" म्हणायची, बस्स.

"एक गोष्ट तेवढी बरी आहे," आई लोकांना सांगायची. "सासू माझ्या बाजूची आहे."

*

आत बसल्यावर हाबतोमने सोबतच्या मुलीकडे पाहिलं. तिने वही उघडली, आणि मधून एक छापील कागद काढला. वर शिक्का होता. तिने तो वाचला. बेराकी वोल्देआब, राहणार देकेमहारे, लॉरीचालक आणि मेकॅनिक, देशासाठी हुतात्मा. मग साल. पाच वर्षांपूर्वीचं.

आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाळ, चुकलंय तुमचं. उन्हातून हिंडताय, होतं असं. या गावात चार बेराकी असतील. माझा कसालाला आहे, चहावालीबरोबर. कुणालाही विचारा."

मुलीने पुन्हा कागदात पाहिलं. "आईचं नाव मेधिन लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "बायको अलगानेश. मुलगी मेबराट."

मेबराट मी.

"नावासारखी नावं असतात," आई म्हणाली, पण आता तिचा आवाज जरा चढला होता. "मेकॅनिक काय, ढिगाने आहेत."

तेव्हा कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावरून आजी उठली. मला आठवतंय, तिच्या मांडीवरचं सूप खाली पडलं आणि मसूर सगळ्या जमिनीवर सांडली. ती त्या मसुरीवरून अनवाणी चालत आली.

"चुकलेलं नाही, अलगानेश," ती म्हणाली. "दे गं पोरी, तो कागद इकडे दे."

तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि तशीच उभी राहिली.

आईने तिच्याकडे पाहिलं. एवढी कोरी नजर मी माणसाच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिली नव्हती. "तुम्हाला काय ठाऊक?" तिने विचारलं.

"त्या गुरुवारी पहाटे तो माझे गुडघे चुंबून गेला. कुठे जातोय ते सांगून गेला. चहावालीचं त्यानेच उठवलं. ती जाणार हे त्याला आधी कळलं होतं. वर्कशॉपमधल्या मित्राला त्याने शपथ घातली होती, माझ्या बायकोसमोर जाऊन असंच सांग म्हणून."

चुलीवरची मसूर करपायला लागली होती. तिचा जळका वास घरभर झाला तरी कुणी उठलं नाही. हाबतोम खाली बघत होता. त्याने किती घरांत रडणं ऐकलं असेल, पण हे असलं त्याच्याही वाट्याला आलं नसावं.

शेवटी आई बोलली. आणि इतक्या रागातही तिने 'तुम्ही' सोडलं नाही. "सासूबाई, बारा वर्षं. एक तप. तुम्ही माझ्यासमोर बसून धान्य निवडत होतात?"

"हो."

"मी त्याला काय काय म्हणाले ते सगळं ऐकलंत?"

"सगळं ऐकलं. तू म्हणावंस म्हणूनच तर तो तसं करून गेला, पोरी. तुझ्या तोंडातून खरं निघालं पाहिजे होतं. तुला माहीत असतं तर तू त्या अधिकाऱ्यापुढे रडली असतीस. तुला रडणं लपवता येत नाही. अब्रेहेतला नेलं तसं तुलाही नेलं असतं, आणि हिला कुणी वाढवलं असतं?"

"आणि लढाई संपल्यावर? वर्ष झालं त्याला!"

आजी हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "वाटलं, तो येईल. आपल्या तोंडाने सांगेल, तुझे पाय धरेल. माझ्या तोंडून ऐकून तुला काय समाधान? मग महिने जायला लागले. मग सांगायचं म्हणजे... तो येणार नाही असं म्हणायचं होतं. ते मला जमलं नाही."

आई उठली. नेत्सेलाच्या टोकाला बांधलेल्या कॉफीच्या बिया तशाच होत्या. ती दारातून बाहेर पडली आणि गल्लीत मधोमध जाऊन उभी राहिली, भर उन्हात, आपण कुठे निघालो होतो हे विसरल्यासारखी. मी जाऊन तिचा हात धरला.

*

दुपारपर्यंत आमच्या दारात मांडव उभा राहिला. आमच्याकडे मयताचा मांडव घरच्यांना उभारू देत नाहीत, गल्ली उभारते. ज्यांनी बारा वर्षं हिणवलं त्यांनीच बांबू आणले, त्यांनीच ताडपत्री ओढली, बाकं मांडली. लेमलेमला त्याच सकाळी तिच्या थोरल्याचा कागद मिळाला होता. धाकट्याचं अजून काही कळलं नव्हतं. आपल्या मांडवातून उठून ती आमच्याकडे आली, केस मोकळे सोडलेले, आणि छाती पिटत ओरडली, "बेराकी, माझ्या सिंहा! माझ्या भावा!"

आई बाकावर बसली होती. कोरडी. ती म्हणाली, "लेमलेम, परवा नळावर तू त्याला काय म्हणालीस?"

लेमलेम थबकली.

"कुत्रा म्हणाले," लेमलेम पुटपुटली.

"बस इथे," आई म्हणाली. "मीही तेच म्हणत होते. दोघी मिळून बसू."

लेमलेम तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण स्वतःच्या डोळ्यांतून थेंब काढला नाही. तिसऱ्या दिवशी मांडव उतरला तोवर ती तशीच होती. लोक कुजबुजायला लागले. नवऱ्यासाठी रडत नाही, कसली बाई. मला मात्र कळत होतं. तिला रडायला कुणी सापडत नव्हतं. कसालातला तो नालायक जगातच नव्हता, आणि हा हुतात्मा तिच्या ओळखीचा नव्हता.

आजीशी ती बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी द्यायची, आंघोळ घालायची, पण बोलायची नाही.

मग प्रशासनाकडून निरोप आला. हुतात्म्यांच्या दिवशी गावातून मिरवणूक निघणार, प्रत्येक घराने आपल्या माणसाचा फोटो घेऊन चालायचं. आमच्या घरात फोटो कुठला? मी वर्कशॉपमध्ये विचारलं, बापाच्या चुलतभावांना विचारलं. चहावालीच्या बोभाट्यानंतर सगळ्यांनी लाजेने जाळून टाकले होते.

आई स्वतः हाबतोमकडे गेली. "तो रानात कुणाबरोबर होता? मला एक माणूस पाहिजे, ज्याने त्याला पाहिलंय. कागद नको, माणूस."

हाबतोमने पंधरा दिवसांत पत्ता काढला. अस्मरात एका गॅरेजात झाईद नावाची बाई आहे, ती बेराकीच्या तुकडीत होती. आम्ही दोघी बसने गेलो. वर घाटात धुकं होतं.

झाईद लॉरीखालून बाहेर आली. तिशीची असेल. आखूड केस, पँट, हातांना ग्रीस, एका पायाने लंगडत. आईने तिला वरून खाली पाहिलं.

"तू त्याची कोण?" आईने पहिलाच प्रश्न टाकला. बारा वर्षांची सवय.

झाईद मोठ्याने हसली. "मी त्याची शिकाऊ, ताई! चुकलं की पान्याने टाळकं शेकायचा माझं. बसा ना. कॉफी करते."

अंगणातच तिने बिया भाजल्या, धूर आमच्यापर्यंत आणून फिरवला. कॉफीची पहिली फेरी झाल्यावर ती बोलायला लागली. बेराकी साहेलच्या डोंगरात लॉरी चालवायचा. विमानांच्या भीतीने दिवे न लावता, अंधारात, कड्याच्या काठाने. पुढे एक जण पांढरं फडकं पाठीला बांधून चालायचा, त्या फडक्याकडे बघत गाडी न्यायची. धान्य वर न्यायचं, जखमी खाली आणायचे. दिवसा लॉरी बाभळींखाली फांद्या टाकून झाकायची आणि तिच्याखालीच झोपायचं.

"तुम्ही अलगानेश ना?" तिने अचानक विचारलं. "माझा आधी विश्वासच बसेना. मला वाटायचं, अलगानेश म्हणजे लॉरीच."

"काय?"

"लॉरीचं नाव होतं ते. तुकडीत सगळे तसंच म्हणायचे. 'अलगानेश चढणीला रुसलीय.' 'अलगानेशला पाणी पाजा.' तो कुणाला हात लावू द्यायचा नाही तिला. एकदा एका पोराने तिला लाथ मारली तर त्याच्या अंगावर धावून गेला होता."

आईने कप खाली ठेवला. "लॉरीला?" ती म्हणाली. "मी इकडे त्याच्या नावाने बोटं मोडत होते आणि त्याने माझं नाव लॉरीला?" आणि ती हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि त्या परक्या अंगणात, पान्यांच्या आणि टायरच्या मधोमध, पहिल्यांदा तिचा हंबरडा फुटला. गॅरेजातली माणसं काम टाकून उभी राहिली. झाईदने ग्रीसच्या हातांनीच तिला धरलं.

तो कसा गेला ते झाईदने दुसऱ्या फेरीला सांगितलं. सातव्या वर्षी, नदीच्या कोरड्या पात्रात, भरदिवसा विमानं आली. सगळे कपारीत पळाले. जखमींनी भरलेली एक लॉरी उघड्यावर राहिली होती, तिचा चालक घाबरून पळालेला. बेराकी कपारीतून निघून तिच्याकडे धावला. त्याने ती कड्याच्या सावलीत आणून उभी केली. आत एकोणीस जण होते, सगळे वाचले. झाईदही त्यांतच होती, पाय मोडलेली. दार उघडून उतरताना त्याला लागलं.

"घरचं काही बोलायचा?" आईने विचारलं.

"एकदाच बोलला. म्हणाला, मी बायकोला असा घाव घालून आलोय की मी परत गेलो तरी ती मला घरात घेणार नाही. मग म्हणाला, पण ती जिवंत असेल."

झाईदकडे फोटो होता. एकच. तुकडीतल्या कुणीतरी काढलेला. त्यात लॉरीचं बॉनेट उघडलेलं आणि एक माणूस आत वाकलेला. दिसत होती ती फक्त पाठ, घामाने चिकटलेला शर्ट, आणि प्लॅस्टिकच्या सँडलमधल्या टाचा. आईने तो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"तोच आहे," ती म्हणाली. "टाचा बघ. कधी घासायचा नाही."

*

बसमध्ये परतताना ती मला म्हणाली, "मेबराट, सात वर्षं तो होता. ती गोष्ट वेगळी. नंतरची पाच वर्षं मी एका मेलेल्या माणसाला शिव्या देत होते. अन्न गोड लागू नये म्हणत होते. त्या शिव्या कुठे गेल्या असतील गं?"

तिने पुढे हाच प्रश्न चर्चच्या पाद्रीबाबांनाही विचारला. ते म्हणाले, "देवापर्यंत पोचल्या नसतील." आई म्हणाली, "देवाचं नाही विचारत मी. त्याच्यापर्यंत?" बाबांनी दाढी कुरवाळली आणि विषय बदलला.

मिरवणुकीत गावातली सगळी घरं मेणबत्त्या घेऊन निघाली. लोकांच्या हातांत चेहरे होते, हसरे, तरुण, कुणी शाळेच्या गणवेशात. आईच्या हातात एक पाठ होती. रस्त्याच्या कडेची पोरं बोट दाखवून विचारत होती, हा कोण, याला तोंड का नाही. चौकात प्रशासनाच्या माणसाने माइकवर भाषण केलं. हुतात्म्यांच्या बायकांनी अभिमानाने त्यांना निरोप दिला, धीराने वाट पाहिली, असं तो म्हणाला. मग एकेका घराला चार शब्द बोलायला सांगितलं. बहुतेक जणी रडून खाली उतरत होत्या.

आई वर गेली. तिला माइक कसा धरायचा ते कळत नव्हतं.

"मी निरोप दिला नाही," ती म्हणाली. "वाटही पाहिली नाही. माझा नवरा मला खोटं बोलून गेला. तुम्ही सगळे हसलात. मीही त्याला रोज शिव्या दिल्या. त्याने एकोणीस माणसं वाचवली, ते खरं आहे. त्याने मला बारा वर्षं जाळलं, तेही खरं आहे. मला अजून राग येतो. झोपेतून उठले की आधी राग येतो आणि मग आठवतं."

प्रशासनाचा माणूस माइक घ्यायला पुढे सरकला, पण आईने सोडला नाही.

"अजून एक. छावणीत मी इंजेरा भाजले म्हणून मला बोलता. भाजले. ते काम त्याच्या खोट्याने मिळालं. आणि ते खोटं जिने सांभाळलं ती तिथे बसलीय." तिने आजीकडे हात केला. आजी पायरीवर बसली होती, नेत्सेला तोंडावर ओढून. "पोटच्या पोराला रोज शिव्या ऐकायच्या आणि उलटून एक शब्द बोलायचा नाही. मला जमलं नसतं. तुमच्यातल्या कुणाला जमलं असतं ते सांगा. तिच्याकडे बंदूक नव्हती, म्हणून तिला कागद नाही."

ती खाली उतरली, सरळ आजीकडे गेली, आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली. काय, तर "उठा, गार वारा सुटलाय."

आजी उठताना लडखडली. लेमलेमने धावत येऊन तिची दुसरी बाजू धरली. लेमलेमचा धाकटा पुढे तीन महिन्यांनी जिवंत परत आला, पण ती गोष्ट वेगळी.

त्या दिवसानंतर आमच्या घरात सगळं गोड झालं, असं काही नाही. आई कधी कधी अजून भडकायची. आजी कधी कधी धान्य निवडता निवडता एकदम रडायला लागायची, बारा वर्षांचं साठलेलं. मग आई हातातलं काम टाकून तिच्या मागे बसायची, तिच्या पांढऱ्या केसांना लोणी चोळायची आणि बारीक वेण्या घालत म्हणायची, "सांगा, लहानपणी कसा होता?" आजी सांगायची. तो सहा वर्षांचा असताना गाढवावरून पडला होता ते, शेजाऱ्याचा रेडिओ उघडून बसला होता ते. आई ऐकायची, आणि मधेच म्हणायची, "हे मला कधी बोलला नाही."

तीन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडाशी, आजी गेली. शेवटचे दोन दिवस ती आईला बेराकी म्हणून हाक मारत होती. आईने एकदाही तिला दुरुस्त केलं नाही. दर वेळी म्हणायची, "आलो, आई. इथेच आहे मी."